व्यसनाचा नवा पेशंट: पहिल्या भेटीत काय विचारावं, काय तपासावं

व्यसनमुक्ती केंद्रात नवा माणूस आला की समुपदेशकाचा हात आपोआप केस पेपरकडे जातो. नाव, वय, पत्ता, शिक्षण, कधीपासून पिता, रोज किती. वीस मिनिटांत फॉर्म भरून होतो आणि माणूस परत येत नाही. पहिल्या भेटीत दोनच गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: पुढचे तीन-चार दिवस हा माणूस जिवाला धोका न होता काढेल का, आणि हा पुन्हा येईल का. बाकीची माहिती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळतेच, आणि तेव्हा ती जास्त खरी असते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कसली ना कसली उपचारांची मदत मिळाल्याचं दिसलं. दारात आलेला माणूस कितीही कुरकुरत असला, बायकोनं हाताला धरून आणलेला असला, तरी तो त्या ३८ मधला एक आहे. त्याला केंद्राच्या नियमांची यादी वाचून दाखवून घालवू नये.

पुढचं सगळं मुख्यतः दारूबद्दल आहे, कारण केंद्रांकडे येणाऱ्यांत दारूवालेच जास्त. गर्द (ब्राउन शुगर), गोळ्या, तंबाखू यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पहिला फोन

पहिला फोन क्वचितच पेशंटचा असतो. बायकोचा, आईचा, बहिणीचा असतो, कधी कंपनीतल्या एचआरचा. फोनवर पत्ता आणि फी सांगून मोकळं होऊ नये. पाच गोष्टी विचाराव्यात: शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, बंद केल्यावर भास झाले होते का, घरात मारहाण किंवा जीव देण्याची भाषा चालू आहे का, आणि हा फोन केल्याचं त्याला माहीत आहे का. पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर काळजीचं असेल तर भेटीची वेळ देत बसू नका, आधी दवाखान्यात न्यायला सांगा. १०८ ची ॲम्ब्युलन्स त्यासाठीच आहे.

घरचे लोक हमखास तीन गोष्टी विचारतात.

"बीपी तपासायला जाऊ म्हणून फसवून आणू का?" नाही. तो येईल, पण खोलीत शिरताच आपण फसवलो गेलो हे त्याला कळेल आणि पुढचा तासभर तुम्ही त्या रागाशी बोलत बसाल. त्यापेक्षा सकाळी, तो शुद्धीत असताना, बायकोनं एवढंच सांगावं: "मी एका ठिकाणी फोन केला होता. लगेच ॲडमिट करत नाहीत. एकदा बोलून येऊ, मी पण येते." रात्री पिऊन आल्यावर हा विषय काढायचा नाही. तेव्हा दिलेलं वचनही धरायचं नाही.

"गाडी पाठवून उचलून नेता का?" काही ठिकाणी असं करतात, आणि ते बेकायदेशीर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. त्यामुळे संमतीशिवाय दाखल करायचं तर त्या कायद्यातलं कलम ८९ लागू होतं: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असे ठरलेले निकष, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. चार माणसांनी हातपाय धरून गाडीत घालणं यात कुठेच बसत नाही.

"जेवणातून द्यायचं औषध मिळेल का?" हा प्रश्न फार वेळा येतो, आणि उत्तर ठाम द्यावं लागतं. ते औषध बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी घसरतं. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाचा यात जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. वरणात कालवून नाही.

आणि तो आलाच नाही तर? बायकोला एकटीला बोलवा. तिनं काय करायचं, काय करायचं नाही, पैसे कुठे ठेवायचे, मारायला धावला तर कोणाच्या घरी जायचं, यावर काम सुरू झालं की बऱ्याच घरांत काही आठवड्यांनी तोही येतो.

आल्यावर कोणाशी आधी बोलायचं

सर्वसाधारण चूक अशी: आधी नातेवाईकांना आत घेतात, अर्धा तास त्यांचं गाऱ्हाणं ऐकतात, मग पेशंटला बोलावतात. तोवर तो बाहेर बाकावर बसून समजून चुकलेला असतो की फाइल तयार झाली. क्रम उलटा ठेवा. पाच मिनिटं सगळे एकत्र, ओळख आणि आज काय होणार एवढंच. मग तो एकटा, अर्धा तास. मग घरचे एकटे, दहा-पंधरा मिनिटं. शेवटी पुन्हा सगळे.

चहा द्यायचा असेल तर अर्धा कप द्या. सकाळच्या वेळी हात थरथरत असतात, भरला कप बशीत सांडतो आणि माणूस ओशाळून कप खाली ठेवतो. तो कप एका हातानं धरतो की दोन्ही हातांनी, ओठांपर्यंत नेताना तोंड खाली आणतो का, कपाळावर घाम आहे का, हे सगळं एक प्रश्नही न विचारता दिसतं. पण त्यावर शेरा मारू नये. "हात बघा कसे कापतायत" हे वाक्य घरच्यांनी हजारदा ऐकवलेलं असतं.

संबोधन साधं ठेवावं. वयानं मोठ्यांना काका, बाकीच्यांना दादा, ताई किंवा आडनावाला राव-साहेब, आणि क्रियापद "तुम्ही"चं. पंचविशीतल्या मुलालाही पहिल्या भेटीत "अरे-तुरे" करू नये. "बेवडा", "दारुडा", "गर्दुल्ला" हे शब्द केंद्रातल्या शिपायाच्या तोंडूनही यायला नकोत.

पिऊन आला असेल तर? रागावून परत पाठवू नका, पण मुलाखतही घेऊ नका. त्या अवस्थेत भरलेला प्रश्नसंच निरुपयोगी आणि घेतलेली सही फोल. नाडी, बीपी, शक्य असेल तर बोटातून साखर तपासा, गाडीची चावी नातेवाइकांकडे द्या, उद्या सकाळची वेळ द्या. गुंगीत असलेला, नीट जागा न होणारा माणूस "जास्त झालीये" म्हणून कोपऱ्यात झोपवून ठेवू नका. डोक्याला मार, साखर उतरणं, सोबत घेतलेल्या झोपेच्या गोळ्या, यांपैकी काहीही असू शकतं. त्याला कुशीवर वळवून लगेच दवाखान्यात न्यायचं.

शेवटची कधी घेतली?

एकांतात गेल्यावर पहिला कामाचा प्रश्न हा. "किती पिता" नंतर. कारण दारू बंद झाल्यापासूनचे तास धोक्याचं गणित ठरवतात.

साधारण ६ ते ८ तासांनी थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट यायची असेल तर बहुधा ६ ते ४८ तासांत येते. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काही जणांना डिलिरियम होतो: वेळकाळाचं भान सुटतं, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप येतो, नाडी धावते. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. "दोन दिवस खोलीत कोंडून ठेवा, आपोआप उतरेल" हा घरगुती उपाय म्हणूनच जीवघेणा आहे. नेमका तिसऱ्या दिवशी, सगळ्यांना वाटतं आता निभावलं, तेव्हा गडबड होते.

इथे एक प्रश्न आपल्याकडे फार उपयोगी पडतो: "श्रावण पाळता का?" गटारीला भरपूर घेऊन दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद करणारे, माळ घातल्यावर बंद करणारे, नवरात्रात बंद करणारे खूप असतात. "मी श्रावणात थेंब घेत नाही, म्हणजे मला व्यसन नाही" असं ते अभिमानानं सांगतात. वाद घालू नका. विचारा, "पहिले तीन दिवस कसे जातात? झोप लागते? हात कापतात? कधी फिट आली?" याचं उत्तर कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा सरळ मिळतं. शिवाय महिनाभर राहता येतं हा त्याचा स्वतःचा पुरावा पुढे समुपदेशनात कामाला येतो. अपघातात पाय मोडून दवाखान्यात पडला होता, तेव्हा तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळत सुटला होता का, हेही याच ओघात विचारून घ्यावं.

खालीलपैकी काहीही आढळलं तर भेट तिथेच थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचं:

- आधी दारू बंद केल्यावर फिट किंवा डिलिरियम झालेला
- आत्ता गोंधळलेला, तारीख-वार-जागा सांगता न येणारा, भास होणारा
- रक्ताची उलटी, काळं शौच, पिवळे डोळे, फुगलेलं पोट
- ताप, विश्रांतीतही नाडी ११० च्या वर, श्वास लागणं
- अलीकडे डोक्याला मार
- चालताना तोल जाणं, डोळे नीट न फिरणं, एकाचे दोन दिसणं
- दारूसोबत रोजच्या झोपेच्या गोळ्या
- गरोदर बाई

तोल आणि डोळ्यांची लक्षणं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची असू शकतात. नीट न जेवता पिणाऱ्यांत ही कमतरता सर्रास असते. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूची इजा वाढू शकते. गावातल्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे, एक बाटली लावा" हे नेहमी घडतं. समुपदेशकानं औषध सांगायचं नसतं, पण चिठ्ठीवर "रोज दारू घेणारे, शेवटची अमुक वाजता" हे ठळक लिहिता येतं. पुढचा डॉक्टर ते वाचून थायमिनचा विचार करतो.

नर्स असलेल्या केंद्रात थरथर, घाम, भास वगैरे मोजायला सिवा ही दहा बाबींची मोजपट्टी वापरतात. एकूण गुण ६७, आठच्या आत सौम्य. दिवसातून काही वेळा परत परत मोजली तरच तिचा उपयोग.

किती घेता: क्वार्टरचा हिशेब

"रोज किती?" या प्रश्नाला "थोडीशी", "लिमिटमध्ये", "कंपनी असली की" हीच उत्तरं येतात. ही लबाडी असतेच असं नाही. सवयीच्या गोष्टी कोणी मोजत नाही. म्हणून सरासरी विचारू नका, कालचं विचारा.

"काल घेतली होती? किती वाजता बसलात? देशी की इंग्लिश? नाइन्टी की क्वार्टर? एकट्यानं की वाटून? संपल्यावर परत आणायला गेलात?" मग परवा. मग त्याच्या आदला दिवस. असे सात दिवस मागे जायचं. आठवायला खुणा द्या: बाजाराचा दिवस, पगार, लग्न, ड्राय डे, मॅच. कमी सांगतोय असं वाटलं तर "दोन क्वार्टर होतात की तीन?" असं वरून विचारा. माणसाला "नाही हो, दोनच" म्हणत खाली येणं सोपं जातं, "अर्धी" पासून वर चढणं अवघड.

आता हिशेब. एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. इंग्लिश दारू ४२.८ टक्क्यांची असते, तिचा ३० मिलीचा एक पेग म्हणजे जवळपास बरोबर एक ड्रिंक. मग नाइन्टी म्हणजे ३, क्वार्टर (१८० मिली) म्हणजे ६, हाफ (३७५) म्हणजे साडेबारा, खंबा (७५०) म्हणजे २५. बिअरची ६५० मिलीची बाटली ५ टक्क्यांची असेल तर अडीच, ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणारा रोज स्ट्राँगच्या दोन बाटल्या संपवत असेल तर तो क्वार्टरवाल्याच्या पुढे आहे, आणि हे त्याला बहुतेक वेळा पहिल्यांदाच कळतं. देशीची तीव्रता बाटलीवर छापलेली असते, ती बघून मोजा. हातभट्टीचा नेम नाही. तिथे ड्रिंकमध्ये रूपांतर करू नका, ग्लास आणि रुपये लिहा. गडचिरोली, वर्ध्यासारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात काय मिळतं ते दिवसागणिक बदलतं, तिथेही तेच.

केस पेपरवर दोन्ही लिहायचं: त्याचे शब्द ("संध्याकाळी क्वार्टर, शनिवारी दोन") आणि तुमचा आकडा.

प्रश्नसंच कोणता आणि कसा

दारूसाठी ऑडिट. जागतिक आरोग्य संघटनेचा, दहा प्रश्न, मागच्या एका वर्षाबद्दल, एकूण ४० गुण. ८ किंवा जास्त म्हणजे धोक्याचं पिणं. १६ ते १९ असेल तर समुपदेशन आणि पाठपुरावा हवा. २० किंवा जास्त असेल तर तज्ज्ञांकडे तपासणी, कारण अवलंबित्व असण्याची शक्यता मोठी. वेळ कमी असेल तर पहिले तीन प्रश्न घ्या.

एक उदाहरण बघू. माणूस म्हणतो, "फक्त एक क्वार्टर, रोज संध्याकाळी. त्याच्या पुढे नाही." पहिला प्रश्न, किती वेळा घेता: आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा, ४ गुण. दुसरा, बसलात की किती ड्रिंक: सहा, म्हणजे "५ किंवा ६" या गटात, २ गुण. तिसरा, एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा: रोज, ४ गुण. तीन प्रश्नांत १० झाले. आपली "लिमिट" कुठे बसते हे त्याला असं कागदावर दाखवता येतं, उपदेश न करता. मात्र ड्रिंक म्हणजे काय हे आधी सांगितलं नाही, तर तो "एक" म्हणतो (एक क्वार्टर), तुम्ही "१ किंवा २" वर खूण करता, आणि दुसऱ्या प्रश्नाला शून्य पडतं. ऑडिट फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

प्रश्न पुस्तकी मराठीत वाचून दाखवू नका, अर्थ न बदलता बोला. "घेतल्यानंतर काय घडले याचे विस्मरण" याऐवजी "काल रात्री घरी कसा आलो ते सकाळी आठवत नाही, असं वर्षभरात किती वेळा झालं?" सकाळच्या दारूच्या प्रश्नाला "उठल्यावर अंगात बळ यायला आधी थोडी लागते का?" असं विचारलं की खरं उत्तर येतं.

फॉर्म हातात देऊन "भरून आणा" म्हणायचं नाही. वाचता न येणारे सरळ बायकोकडे देतात आणि उत्तरं बायकोची येतात. अपराधीपणाचा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा नाही. आणि गुण म्हणजे निदान नव्हे. अवलंबित्वाचं निदान डॉक्टर करतात. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणानुसार तीव्र ओढ, प्रमाणावरचा ताबा सुटणं, बंद केल्यावरचा त्रास, वाढत जाणारं प्रमाण, बाकीच्या गोष्टींकडे दुर्लक्ष आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, या सहांपैकी तीन वर्षभरात एकत्र दिसायला हवीत. आणखी एक: माणूस गेले काही महिने तुरुंगात, दवाखान्यात किंवा माळ घालून कोरडा असेल तर वर्षाचे गुण कमी येतात. ते वाचून निर्धास्त होऊ नये.

केज हा चार प्रश्नांचा जुना प्रश्नसंच अजून बऱ्याच ठिकाणी चालतो. तो झटपट आहे, पण आयुष्यात कधीतरी असं विचारतो, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी सुटलेला आणि आज पिणारा यांत फरक करत नाही. नव्या भेटीसाठी ऑडिटच बरा.

एकाहून जास्त पदार्थ असतील तर असिस्ट हा जागतिक आरोग्य संघटनेचाच दुसरा प्रश्नसंच घ्या. यात प्रत्येक पदार्थाचे गुण वेगळे: दारूसाठी ११ ते २६ मध्यम धोका, बाकी पदार्थांसाठी ४ ते २६, आणि सगळ्यांसाठी २७ किंवा जास्त म्हणजे मोठा धोका. पदार्थ स्थानिक नावानंच विचारा, आणि तंबाखूपासून सुरुवात करा, कारण तिची लाज कोणाला वाटत नाही: विडी, सिगारेट, मशेरी, मावा, गुटखा, तपकीर, विदर्भात खर्रा. मग गांजा, चरस. मग गर्द, एमडी (मेफेड्रोन), बटन (नशेच्या गोळ्या), मालेगावकडे कुत्ता गोळी, खोकल्याचं औषध, मुलांच्यात व्हाइटनर, थिनर, सोल्युशन. "ड्रग्ज घेता का?" असं विचारलं की मान आडवी हलते. "गोळ्या कधी?" म्हटलं की झोपेची गोळी, अंगदुखीचं इंजेक्शन, सगळं निघतं.

गर्दवाल्यांची टर्की, म्हणजे बंद केल्यावरचा त्रास, शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत सुरू होते: नाक-डोळे वाहणं, जांभया, हाडं फुटल्यासारखं दुखणं, जुलाब. त्रास भयंकर, पण धडधाकट माणसाच्या जिवाला एरवी धोका कमी. खरा धोका नंतर असतो: काही दिवस बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मग जुन्याच प्रमाणात घेतलं तर श्वास थांबतो. हे पेशंटला आणि घरच्यांना पहिल्या भेटीतच सांगावं. सुई घेणाऱ्याला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीच्या तपासणीची माहिती द्या. सरकारी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते. रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला "आजपासून बंद" कधीही सांगू नका, त्यातही फिट येते.

लघवीच्या पट्टीवर फार विसंबू नये. गांजा रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरही दिसू शकतो, गर्द दोन-तीन दिवस, आणि एमडी नेहमीच्या पट्टीवर बहुधा दिसतच नाही. पट्टी पेशंटला पकडण्यासाठी वापरली की बोलणं संपतं.

मन, जीव, मारहाण

झोप, भूक, रडू येणं, संशय, आवाज ऐकू येणं हे विचाराच. यातलं काय आधी सुरू झालं, दारू की उदासी, तेही. दारूमुळे आलेली उदासी बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते, पण म्हणून जीव देण्याच्या विचाराबद्दल विचारायला तितके आठवडे थांबायचं नाही. सरळ विचारा: "जगण्यात काही उरलं नाही असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय? ते घरात आहे?" विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही. ठरवलेलं असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि घरच्यांना साधन हलवायला सांगायचं. शेतकरी घरात ते बहुतेकदा फवारणीचं औषध असतं, गोठ्यात किंवा माळ्यावर ठेवलेलं. "कुलूप लावा" पुरेसं नाही. दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा म्हणावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

बायकोला एकटीला विचारा: "हात उचलतात का? मुलांवर?" "होतं कधीकधी" या उत्तरावर पुढे जाऊ नका. शेवटचं कधी, कशानं, कुठे लागलं, ते विचारा.

पेशंट बाई असेल तर शक्यतो स्त्री समुपदेशक असावी आणि वेळ वेगळी द्यावी. बायका फार उशिरा येतात, आणि येतात त्या झोप लागत नाही किंवा ॲसिडिटी आहे म्हणून. अठराच्या आतलं मूल असेल तर पालकांची संमती लागते, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे गुपित राखायचं वचन देऊन मग मोडू नका.

तो "मला गरज नाही" म्हणतो तेव्हा

निम्मे तरी असंच म्हणतात. यावर यकृताचे फोटो दाखवणं, मुलांची शपथ घालणं, "असंच राहिलं तर वर्षभरात..." असं भविष्य वर्तवणं, हे सगळं उलटं काम करतं. तुम्ही जितकं "सोडा" म्हणाल तितकं त्याला न सोडण्याची कारणं बोलून दाखवावी लागतात, आणि माणूस जे स्वतःच्या तोंडून बोलतो त्यावरच त्याचा विश्वास बसत जातो. मिलर आणि रोलनिक यांनी विकसित केलेल्या प्रेरणादायी मुलाखतीच्या पद्धतीचा सगळा भर यावरच आहे: बदलाची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत.

"मी काही बेवडा नाही. कामाला रोज जातो."
"कामाचा खाडा होत नाही तुमचा."
"नाहीच. आता मध्ये दोन सोमवार गेले, ते वेगळं."
"त्या सोमवारी काय झालं होतं?"

आणि गप्प बसायचं. पाच-सात सेकंद. इथे बहुतेक नवे समुपदेशक घाईनं पुढचा प्रश्न विचारतात आणि आलेलं उत्तर घालवतात.

दारूनं काय चांगलं होतं, हेही आधी विचारा. झोप लागते, थकवा जातो, बोलता येतं. हे ऐकून घेतलं की "आणि त्रास कशाचा होतो?" हा प्रश्न टोचत नाही. मग मोजपट्टी: "शून्य ते दहामध्ये, कमी करणं किंवा सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" तो चार म्हणाला तर "दहा का नाही?" विचारू नका. "चार का, एक का नाही?" विचारा. पहिल्या प्रश्नाला सबबी येतात, दुसऱ्याला कारणं. ते कारण त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा: "पोरगी जवळ येत नाही, वास येतो म्हणते." पुढच्या भेटीची सुरुवात तिथून.

गुप्तता आणि संमती

सहीच्या आधी तोंडी सांगा, साध्या भाषेत: "इथे बोललेलं तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना, साहेबांना सांगत नाही. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, मुलावर अत्याचार असेल, कोर्टाचा आदेश असेल, तर सांगावं लागतं." कंपनीनं पाठवलेलं असेल तर कंपनीला नेमकं काय कळवणार (येतो की नाही, एवढंच की आणखी काही) हे त्याच्यासमोर ठरवा. गर्द, एमडी घेणाऱ्यांना पोलिसांची भीती असते. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ मध्ये संरक्षण आहे, पण ते सरसकट नाही. ज्याच्यावर केस चालू आहे त्याला वकिलाकडे पाठवा, तुम्ही कायद्याची हमी देऊ नका.

भेट संपवताना

आधी फिट किंवा डिलिरियम झालेला, दुसरा मोठा आजार असलेला, जीव देण्याचा विचार असलेला, घरी कोणी बघायला नसलेला, किंवा बाहेरून उपचार घेऊन दोन-तीनदा परत सुरू झालेला असेल, तर दाखल होण्याचा सल्ला. बाकी बऱ्याच जणांचं डॉक्टरांच्या औषधांवर घरी राहून होतं. मात्र पहिले चार-पाच दिवस रोज कोणीतरी बघायला हवं आणि गोळ्या घरच्यांच्या हातात हव्यात. डॉक्टरांची भेट होईपर्यंत रोज भरपूर पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नये, हेही स्पष्ट सांगा. घरच्यांना हे विचित्र वाटतं, त्यामुळे कारण समजावून द्या.

पुढची भेट दोन-तीन दिवसांतली, तारीख आणि वेळ कागदावर. "पुढच्या आठवड्यात या" म्हटलेला पेशंट निसटतो. फोन करायला परवानगी आहे का, कोणत्या नंबरवर, कोणी उचलला तर काय म्हणायचं, हे विचारून लिहा. घरचा फोन सासू उचलत असेल तर "व्यसनमुक्ती केंद्रातून बोलतोय" हे वाक्य घात करतं; नुसतं नाव सांगावं. व्हॉट्सॲपवरही तेच, डीपीला केंद्राचा फलक नको. दरम्यान काही लागलं तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन त्याच कागदावर लिहून द्या.

आला नाही तर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत फोन करा, बसायच्या वेळेआधी. "का आला नाहीत?" नको. "आज वाट बघितली. तब्येत कशी आहे, झोप लागली का?" एवढंच, आणि नवी वेळ. प्यायलेला असेल तर "उद्या सकाळी दहाला करतो" म्हणून ठेवा आणि दहालाच करा.